सलग बोलणारं माणूस

"सलग बोलणारं माणूस हवंय," तपासनीस बाई म्हणाल्या. "विमान वळताना आवाज कुठे तुटतो, ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय. माझे यजमान चालायचे नाहीत. ते 'हं'च्या पुढे जात नाहीत. तुमच्याकडे आहे का कुणी?"

विमानात यंत्रं बसवणारा जोडारी हसला नाही. त्याच्याकडे होतं.

छोटंसं खाजगी विमान ढगांच्या वर आलं होतं. कातडी खुर्च्यांवर अजून प्लास्टिक होतं. छताची पट्टी त्याने आज सकाळीच परत बसवली होती. तिच्यावर, विमानाच्या पाठीवर, इंटरनेटचा नवा चपटा अँटेना होता. शेपटीतला जुना त्याने काढून टाकला होता. जुन्याला वळणावर आभाळातला उपग्रह सापडायचा नाही, आणि मालकाची मीटिंग ऐन वाक्यात तुटायची. आजची चाचणी पार पडली, की विमान मालकाच्या ताब्यात.

मालकाला जे तुटणं नको होतं, ते जोडारी आईसमोर खोटंच उभं करत आला होता. "विमानाच्या पोटात रेंज नसते गं," असं तो एकदा सहज बोलून गेला, आणि मग ते वाक्य सोयीचं पडलं. पाप काही दार ठोठावून येत नाही. सोय म्हणून येतं आणि घरचंच होऊन बसतं. आईचं बोलणं म्हणजे नमनालाच घडाभर तेल. पूर्वरंगात सगळा शेजार, उत्तररंगात सगळं गणगोत. तो चहाचा कप घेऊन शेडबाहेर मोकळ्या उन्हात उभा असायचा आणि म्हणायचा, "आई, तुटतंय गं, तुटतंय." मागच्या खेपेला ती जिन्यावरून घसरल्याचं सांगत होती. गुडघा सुजलाय म्हणाली. त्याला शब्द न् शब्द ऐकू येत होता. तो "हॅलो, हॅलो" करत राहिला. तिने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं, मग दमून फोन ठेवला. त्यानंतर आपण होऊन फोन करायला त्याला तोंडच उरलं नव्हतं.

आता त्याने आईचाच नंबर लावला. बाईंनी कानावर हेडफोन चढवले.

"हं, बोल रे. मी बरी आहे, जेवले, औषध घेतलं, तू जेवलास ना? बरं, ठेवते. रेंज जाईल तुझी." सगळं एका दमात.

बाईंनी हाताने खूण केली. अजून वळलोच नाही.

"ठेवू नकोस, आई. आज घाई नाही. बोल की काहीतरी."

"काय बोलू?"

ज्या माउलीला बोलायला दिवस पुरायचा नाही, तिला आज विषय सापडत नव्हता. ही मोडतोड त्याच्याच हातची होती. तेवढ्यात वैमानिकाने विमान एका अंगावर कलवलं. बाई सिग्नलच्या पडद्यावरून नजर न काढता पुटपुटल्या, "बोलतं ठेवा, बोलतं ठेवा त्यांना."

तो गडबडला. तोंडातून निघून गेलं, "गुडघ्याची सूज उतरली का?"

म्हटलं आणि जीभ चावली. जे त्याला ऐकूच आलं नव्हतं, तेच तो विचारून बसला होता.

पलीकडे सामसूम. बाईंनी हेडफोन कानाशी दाबून धरला. "तुटला?"

पडद्यावर सगळं हिरवं होतं. "नाही," तो म्हणाला.

"उतरली," आई म्हणाली. "जिना तेवढा जपून चढते."

आवाजात राग नव्हता, नवलही नव्हतं. भोळी बिचारी, तिच्या लक्षातच आलं नव्हतं. त्याला हायसं वाटलं, आणि हायसं वाटल्याची लाज वाटली. खरं सांगून टाकायला याहून बरी वेळ आली नसती. त्याने श्वास घेतला. बाईंकडे पाहिलं. आणि म्हणाला, "पूर्वी रेंज जायची ना गं, त्यावरच काम केलंय आम्ही. नवं यंत्र बसवलंय. आता वळणावर नाही, ढगात नाही, कुठेच तुटणार नाही."

"अगदी कुठेच?"

"कुठेच नाही."

विमान सरळ झालं. बाईंनी अंगठा वर केला. मग, तो शाळेला निघताना 'डबा घेतलास ना?' विचारायची, तशाच काळजीने आईने विचारलं,

"मग बाळा, आता फोन ठेवायचा झाला, की सांगशील काय?"