पळणारं पान

"ताई, यात चूक नाहीच," निषाद म्हणाला आणि त्यानं खालच्या बाणाचं बटण दाबून धरलं. स्क्रीनवरचं पुस्तक एक ओळ सरकून थांबलं. त्यानं बोट मुद्दाम थरथरवलं. तरी एकच ओळ.

"नीट बघ रे. पान पळतं."

वाचनाचा हा प्रोग्रॅम मी बाबांसाठी लिहिला होता. कंपवातामुळे त्यांचं बोट बटणावरून पटकन उठायचं नाही आणि पान भराभर सरकत थेट शेवटाला जायचं. म्हणून बटण कितीही दाबून धरलं तरी एकच ओळ सरकेल, असं मी केलं. तरीही आतून हाक यायचीच, "मृदुला, पुस्तक पळालं गं!" हातातलं काम टाकून मी जायचे. ते "मागे, अजून मागे" सांगायचे, मी पान मागे न्यायचे. चूक मात्र सापडायची नाही. गेल्या महिन्यात बाबा गेले. आता प्रोग्रॅम इतर रुग्णांना द्यायचा, म्हणून ऑफिसातल्या निषादला तपासायला सांगितलं होतं.

"पळूच शकत नाही, ताई. तुम्ही पहिल्यापासून बरोबरच लिहिलंय."

मी स्वतः बटण दाबून धरलं. पान एक ओळ सरकलं आणि थांबलं.

पान जागेवर आणून मी उठले, की बाबा दर वेळी म्हणायचे, "आलीच आहेस, तर बस की जरा."

"ही चूक एकदा सापडू दे, बाबा. मग बसते."