सैल नट

"पाइप फुटलेला नाही, नेलिदा," बॉनेटखालून मेकॅनिक हिलारियोकाका म्हणाले. "नट सैल आहे. इथून डिझेल गळतं, हवा आत शिरते, म्हणून गाडी चालू होत नाही. गेल्याच आठवड्यात मी आवळला होता."

"जुनी गाडी, काका. धक्क्यांनी सुटला असेल."

"पान्याने सोडवलाय कुणीतरी. ताजे ओरखडे आहेत."

नेलिदाने घाबरून घराकडे पाहिलं. आत नवरा दुपारची झोप काढत होता.

काकांनी नट आवळला, हातपंपाने हवा काढली. नेलिदाने आत बसून किल्ली फिरवली आणि इंजिन धडधडलं. घराच्या खिडकीचा पडदा हलला.

"आता बंद करू नकोस," काका पुटपुटले. "पोरीला घे आणि थेट ओरुरोला बहिणीकडे जा."

गिअर टाकत नेलिदा म्हणाली, "ती मागेच आहे, काका. पांघरुणाखाली. रोज लपवून बसवते, आज चौथा दिवस."