बिरसीला उतरलेला पाहुणा

उपचारासाठी नागपूरला निघालेल्या एका परदेशी राष्ट्राध्यक्षांच्या छातीत वाटेत कळ आली, म्हणून विमान गोंदियाजवळच्या बिरसी विमानतळावर उतरवलं. गोंदियाच्या सरकारी दवाखान्यात दुपारपर्यंत त्यांना बरं वाटू लागलं. सलाईन तपासताना रुख्मा सिस्टरनं विचारलं, “एवढ्या दूर कायले आले जी? तुमच्या देशात डॉक्टर नाही का?” त्यांच्या नागपुरात शिकलेल्या दुभाष्यानं घुटमळत प्रश्न सांगितला. राष्ट्राध्यक्ष म्हणाले, “होते. औषधांसाठी संपावर गेले, म्हणून मीच त्यांना तुरुंगात टाकलं.” “अजून तिथंच आहेत?” सिस्टरनं विचारलं. त्यांनी मान डोलावली. “आता बोलता येऊन राहिलं ना तुमाले? मंग फोन लावा अन् सोडा त्यायले.” हे सांगताना दुभाष्याचा आवाज कापला. राष्ट्राध्यक्षांनी कारण विचारलं. “माझी बहीण त्यांच्यातच आहे,” तो म्हणाला. राष्ट्राध्यक्षांनी सलाईन नसलेला हात फोनसाठी पुढे केला.