माशुआची कोठी

सातुर्निनाबाईंचे गुडघे यंदा पार गेले, म्हणून माशुआ कंदांच्या कोठीत पहिल्यांदाच सून शिरली. त्या कोठीत घरची एकच बाई जायची. पुरुषाची तर सावलीही चालत नसे. यंदा डोंगरावर दहिवर लवकर गोठले, पीक निम्मेच आले, आणि तेवढ्या कंदांवर चार लेकरांना नव्या हंगामापर्यंत न्यायचे होते.

"उभी काय राहिलीस, फोर्तुनाता? कंद काय पाय फुटून चुलीपाशी येणारेत?" अंगणात उरलेले माशुआ उन्हाला घालता घालता सासूबाई म्हणाल्या. "आधी धरणीमायला विचार. मग दोन्ही हात गवतात घाल. ओरबाडू मात्र नकोस."

फोर्तुनाताने कोकाची तीन पाने नैवेद्य म्हणून उंबऱ्यावर ठेवली. "माय, लेकरांपुरतं दे," असे पुटपुटत तिने कोपरापर्यंत हात कंद झाकलेल्या सुक्या गवतात घातले.

चाचपायच्या आधीच एक कंद तिच्या ओंजळीत आला. मग दुसरा. कोणी निवडून द्यावेत तसे, माती पुसलेले. आठ झाले. धाकट्याचे पोट कालही भरले नव्हते, म्हणून नवव्यासाठी तिने बोटे पसरली.

कोणीतरी ती अलगद मिटवली.

ती आठ कंद ओच्यात घेऊन घाईने बाहेर आली. सासूबाईंनी ओच्यातले कंद पाहिले, तिला जवळ बसवले, पाठीवरून हात फिरवला.

"घाबरू नकोस, बाळ. पुरतं आपल्याला." मग आवाज खाली आणून त्यांनी विचारले, "आतला तो हात अजून तेवढाच लहान आहे का गं?"