पेल्यावरची फुली

चाळीस वर्षं मी पोस्टरवरचा पसारा हटवत आले. या धंद्यात कोऱ्या जागेला मान पहिल्यांदा मीच मिळवून दिला. कारखान्यातल्या एका नळाचं पाणी यंत्रं धुण्यासाठी होतं, प्यायला घातक. तिथल्या पोस्टरवर मी पेला काढला आणि त्यावर काळी फुली मारली. मॅनेजरनं नाक मुरडलं. “एवढंच? आणि फुली किती भकास दिसते!” समजावून समजावून तोंडाला फेस आला. आज नळावर छापील पोस्टर पाहून तळपायाची आग मस्तकात गेली. फुली गायब, पेला चकचकीत, खाली बारीक अक्षरांत अकरा ओळींची सूचना. झाडूवाल्या मावशी खुशाल बाटली भरत होत्या. “मावशी, पिऊ नका!” मी ओरडले. “का? पेला काढलाय की!” मी मार्करनं पेल्यावर फुली मारली. मावशींनी बाटली ओतून दिली. “एवढंच सांगायचं होतं, तर इतकं कशाला लिहिलंत, ताई?”