सामनेवाली

वडिलांच्या मृत्युपत्रावरून दोघी बहिणींतून विस्तव जात नव्हता. वकिलानं धाकटीला बजावलं होतं, "कोर्टात 'ताई' नाही, 'सामनेवाली' म्हणायचं." ती घरीही तेच म्हणू लागली.

मग कोर्टांच्या हद्दी बदलल्या आणि केस गल्लीच्या तोंडावरच्या कोर्टातून पार डोंगरापलीकडच्या कोर्टात वर्ग झाली. तिकडे जाणारी बस एकच. पहिल्या तारखेला सामनेवालीनं खिडकी पटकावली. दुसऱ्या तारखेला, धाकटीला बस लागते हे आठवून, तिनं खिडकी सोडली. तोंड मात्र फिरवूनच. पुढेपुढे दोघींत डबा एकच येऊ लागला.

वर्षभरानं हद्दी पुन्हा बदलल्या. न्यायाधीश म्हणाले, "केस आता तुमच्या घराजवळच्या कोर्टात परत पाठवता येईल. कुणाची हरकत?"

धाकटी ताडकन उठली. "माझी आहे, साहेब. आणि ताईचीही."