आतली कड

सुप्याच्या मिस्त्रीने टॅक्सीच्या पुढच्या टायरवर हात फिरवला. बाहेरची नक्षी शाबूत होती. आतल्या कडेचे मात्र धागे निघाले होते. “हा काय दुष्काळी कामाच्या रस्त्यावरल्या खडीचा दोष न्हाई, मच्छिंद्रनाना. स्प्रिंगा कापून गाडी खाली घेतली, पन चाकं सरळ जुळवून घेतली न्हाईत.” मच्छिंद्र दमून दगडावर टेकला. गाडीत चढताना चांगुणाला पाय उचलवेना, खाली ठेवलेल्या पाटावरूनही ती घसरली, म्हणून त्याने बायकोसाठी गाडीच खाली आणली होती. नगरच्या दवाखान्याच्या खेपांतून चाकं जुळवायला पुण्याला जायची सवड कुठली? “टायर उलटा बसव,” तो म्हणाला. “झिजल्याली कड बाहेर येऊ दे.” “बसवतो. पन दिवाळीपतूर दुसरीबी झिजंल. मग?” मच्छिंद्रने मागच्या सीटवर डोळे मिटून पडलेल्या चांगुणाकडे पाहिलं. डॉक्टरांनी दसऱ्यापर्यंतचंच सांगितलं होतं. “दिवाळीला गाडी परत उंच करू,” तो हळूच म्हणाला.